चार शेजारणींच्या गाठी

फार पूर्वी, शिडांवर गलबतं चालायची त्या काळात, एका बंदरात चार शेजारणी राहत होत्या. एक कोळीण, एक तेलीण, एक पाववाली आणि एक सुईण. कोळणीची देवी डोंगरावर होती. तेलीण यहुदी, तिचा घाणा दर शनिवारी बंद. पाववाली रविवारी न चुकता चर्चला जायची. सुईण हबशी, तिचे पणजोबा आफ्रिकेतून आलेले. ती पाच वेळा नमाज पढायची. चौघींचे रंग वेगळे, देव वेगळे, भांडायला विहीर मात्र एकच.

आणखी एक गोष्ट सारखी होती. घरचा माणूस गलबतावर चढला, की बाईने आपल्या देवाचं नाव घेऊन पदराला गाठ मारायची, अशी त्या बंदराची रीत होती. माणूस परत आला की त्यानेच ती सोडायची. मध्येच सुटली तर दर्या माणूस परत देत नाही, असं म्हाताऱ्या बायका सांगत. त्या वर्षी तिघींचे नवरे आणि सुईणीचा मुलगा एकाच गलबतावर होते, आणि गलबताला यायला आठ दिवस उशीर झाला होता. चौघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कामं चालू होती, पण एका हाताने. दुसरा हात सदा गाठीवर.

एके सकाळी एका परक्या जहाजाने एका बाईला धक्क्यावर उतरवलं आणि ते निघून गेलं. बाईचे दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या होत्या. तिची भाषा कोणाला कळेना. चौघींनी तिला शिडं शिवायच्या पडवीत आणलं, आणि तिथे लगेच वाद सुरू झाला.

"बंदर माझ्या देवीचं आहे. नारळ तिलाच बोला," कोळीण म्हणाली.

"आमच्या एलियाहू पैगंबराला मलिदा बोला. तो अडलेल्याला सोडवतो," तेलीण म्हणाली. पाववाली तोवर मेणबत्ती शोधायला लागली होती.

"सगळ्यांना बोलवा," सुईण म्हणाली, "पण आधी हात द्या. मूल आडवं आलंय. दोघींनी हिला काखेतून उचलून धरा, एकीने पाठ दाबा."

तिघींनी हात दिला, पण एकेकच. बाई पुन्हा पुन्हा निसटू लागली. दुपार झाली तसा तिचा आवाज बसत चालला. सुईणीने तिघींच्या मुठींकडे एकदा पाहिलं.

"अडलेल्या बाईजवळ गाठ ठेवू नये, सुटका अडते. ठाऊक आहे ना?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. त्यांनी केस मोकळे केले, गाठोडी सोडली, दाराशी बांधलेली बकरीही सोडली. बकरी थेट पाववालीच्या टोपलीकडे गेली. आता पदराच्या गाठी तेवढ्या राहिल्या.

"माझा घरधनी दर्यावर आहे, सुईणबाई," कोळीण म्हणाली. "ही मी कशी सोडू?"

सुईणीने आपला पदर पुढे ओढला. तिचा एकुलता एक मुलगा त्याच गलबतावर होता. तिने अल्लाचं नाव घेतलं आणि आपली गाठ सोडली.

परक्या बाईने ते पाहिलं. तिला शब्द कळत नव्हता, पण गाठ कळली. तिने कसाबसा आपला हात कोळणीपुढे धरला. मनगटावर एक लाल दोरा होता, आणि त्याला तीन गाठी. कुठल्या देशात, कुठल्या देवाच्या नावाने, कोणासाठी मारल्या होत्या कोण जाणे. ती कोळणीला सांगत होती, सोड.

गाठ घट्ट होती. एका हाताने सुटेना. कोळणीने आपला पदर सोडून दिला आणि दोन्ही हातांनी एकेक गाठ सोडवली. तिसरी सुटली तेव्हा तिला रडू आलं. परक्या बाईने तिच्यावर एवढा विश्वास टाकला होता, आता स्वतःची गाठ सांभाळायची तिला लाज वाटली. "आई, तूच बघ," म्हणत तिने ती सोडली. मग तेलणीने सोडली, मग पाववालीने.

आता बाईला धरायला सहा हात होते आणि मूल फिरवायला सुईणीचे दोन. ऊन कलायच्या आत मुलगी जन्मली आणि तिने पडवी डोक्यावर घेतली. चौघींना इतकं हायसं वाटलं, की बकरीने फस्त केलेली टोपली पाहून पाववालीलासुद्धा हसू आलं.

पण घरी गेल्यावर चौघींना सोडलेल्या गाठी आठवल्याच. तीन दिवस त्या सारख्या धक्क्यावर फेऱ्या मारत राहिल्या. चौथ्या दिवशी गलबत दिसलं. डोलकाठी मोडलेली, माणसं मात्र सगळी धडधाकट, आणि भुकेने करवादलेली.

"गाठी तर नव्हत्या. मग यांना आणलं कोणी?" कोळणीने विचारलं.

"ज्याच्या-त्याच्या देवाने," सुईण म्हणाली. "त्याला आपली माणसं ओळखायला गाठ लागत असेल असं मला नाही वाटत."

"आणि पोरगी? ती तर गाठी सोडल्या म्हणूनच झाली ना?"

सुईण हसली. "गाठी न सोडताही मी पुष्कळ बाळंतपणं केली आहेत गं. मला तुमचे दुसरे हात हवे होते."

तेव्हापासून त्या बंदरात गलबत निघालं, की बाया आजही गाठ मारतात. पण आपल्या पदराला नाही, शेजारणीच्या पदराला, म्हणजे ती मुठीत धरून बसता येत नाही.

तात्पर्य: विश्वास मनात घट्ट धरावा, हात मात्र दुसऱ्यासाठी मोकळे ठेवावेत.