संगणकांत न मावलेला जयजयकार

“उद्या भर दरबारात माझे पाचही संगणक बंद पाडून दाखव! तेही हात न लावता! नाही जमलं, तर तुझी नोकरी गेली आणि वेशीजवळचं तुझ्या बापाचं पिंजाऱ्याचं दुकानही गेलं!”

रणशूर महाराज गरजले. कचेरीतल्या शमीमनं म्हटलं होतं एवढंच, की दाबून बांधलेल्या झिप फायली आत किती माल आहे हे न बघता उघडू नयेत. महाराजांचा हुकूम मात्र उलटा. आली फाइल की उघडा! प्रजेचा अर्ज अडवणारी ही कोण? शिवाय पाचही संगणक एकमेकांना जोडलेले. एक थकला की त्याचं काम दुसरा उचलणार. महाराज त्यांना पाच पांडवच म्हणत.

शमीमनं दुकानात येऊन बापाला सारं सांगितलं. म्हातारा बाप या वयात दारोदार कुठं हिंडणार?

बाप मात्र गादी शिवता शिवता म्हणाला, “अगं, कापूस दाबला की पोत्यात मावतो, सोडला की घरात मावत नाही!”

शमीम ताडकन उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं आणलेली फाइल बघून प्रधान खो खो हसले. “एवढीशी? ही तर आमचा संगणक चटणीसारखी चाटून टाकील!”

“उघडा!” महाराज म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

पडद्यावर आलं, ‘महाराजांचा विजय असो!’ खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. महाराजांनी खुशीत मिशीला पीळ दिला. ओळी काही संपेनात. पहिला संगणक घुरघुरला आणि मिटला. दुसऱ्यानं इमानदारीनं त्याचं काम उचललं, पहिल्या ओळीपासून! तोही आडवा. मग तिसरा, चौथा... प्रजेचे अर्ज, कोठाराचे हुकूम, सारं जागच्या जागी ठप्प!

“अगं, थांबव!” प्रधानांची पाचावर धारण बसली.

“किती झालं की थांबायचं, हे त्यांना सांगितलंय कुणी?”

पाचवाही मिटला.

“एवढ्याशा फायलीत इतकं मावलं कसं?” महाराज थक्क.

“आत एकच वाक्य आहे, महाराज. पुढं फक्त, ‘हेच अब्जावधी वेळा.’ बांधताना चिमूट, सोडताना डोंगर!”

“राजद्रोह! पकडा हिला!” प्रधान ओरडले.

“कशाबद्दल? महाराजांचा विजय असो म्हटल्याबद्दल?”

महाराजांना हसू आवरेना. “बरं बाई, हरलो! आता उपाय सांग.”

“उघडताना मोजत राहायचं. मापाबाहेर गेली की तिथंच थांबायचं. आणि जिच्यामुळं एक पडला, ती फाइल दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही.”

“आणि माझ्या जयजयकाराचं माप किती ठेवायचं?”

“एकदाच, महाराज! मनापासूनचा असेल, तर दुसऱ्यांदा म्हणावा लागत नाही!”

महाराज पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी शमीमला दिलं, तिला पाचही संगणकांची मुख्य केलं आणि महालातल्या झाडून साऱ्या गाद्या तिच्या बापाकडं भरायला धाडल्या.