आषाढातलं तळण

साताऱ्याच्या भाऊसाहेब गुप्त्यांना आळीत कुणी सल्ला विचारत नसे, कारण तो विचारण्याआधीच मिळे. त्यांची सून रेवती त्यांच्याच स्कूटरवरून घाट चढून शाळेत शिकवायला जायची. हल्ली चढावर इंजिन धापा टाकू लागलं होतं.

"बाबा, सर्व्हिसिंग करून घेऊ या," ती म्हणाली. "निदान ऑइल तरी बदलू. भर घाटात बंद पडली तर काय करू?"

भाऊसाहेबांनी पेपरातून डोकं वर न काढताच निकाल दिला. "गाडी चालतेय ना? आत तेल आहे ना? मग ते ओतून नवं कशाला घालायचं? उगीच गॅरेजवाल्याचं पोट भरायचे धंदे."

रेवतीने किल्ली खुंटीला अडकवली.

आषाढ लागला. आषाढात घरात काहीतरी तळलंच पाहिजे, म्हणून भाऊसाहेबांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांची फर्माईश केली. खमंग वास काही येईना, तेव्हा ते स्वयंपाकघरात डोकावले. कढईतलं तेल डांबरासारखं काळं होतं.

"हे कधीचं तेल?"

"दिवाळीच्या चकल्यांचं."

"मग बदललं का नाहीस?"

"गॅस चालतोय, कढईत तेल आहे." रेवतीने शांतपणे पुरी उलटली. "उगीच वाण्याचं पोट कशाला भरायचं?"

भाऊसाहेबांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली, चपला घातल्या आणि दारातूनच म्हणाले, "ते कढईतलं टाकून दे."

"टाकते," रेवती म्हणाली. "तुम्ही गाडीतलं बदलून आलात की."