बाण दोरीवर असेल तर

पूर्वी अश्मक देशातल्या एका नगरात पुष्पकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या शिकारी कुत्र्यांत जन्माला आला होता आणि टोळीचा म्होरक्या होता. त्याचे वय झाले होते. रानातून परतल्यावर त्याच्या मागच्या पायांना कंप सुटे. तो श्वानशाळेच्या उंबऱ्याशी आडवा होई, कारण तिथून सगळी कुत्री आत आली की नाही हे त्याला मोजता येई. शेवटचे कुत्रे आत आल्याशिवाय तो डोळे मिटत नसे.

पुष्पकेतूने चाळिशी उलटेपर्यंत वीणेखेरीज कशाची तार ओढली नव्हती. पण त्या वर्षी रानडुकरांनी नदीकाठची शेते उकरून टाकली, गावकरी राजवाड्यापुढे येऊन बसले, आणि राजाने धनुष्य हाती घेतले. तो मनाने चांगला होता. हात मात्र उतावळा होता.

श्वानशाळेचा राखणदार दंतिल याने पहिल्याच दिवशी सांगितले, "महाराज, कुत्री डुकराला घेरतील आणि भुंकून जागेवर धरतील. तेव्हा आपण चालत यायचं, धावत नाही. बाण भात्यातच राहू द्यायचा. मी शिंग फुंकलं की कुत्री मागं येतील. ती सगळी डोळ्यांनी मोजायची, आणि मगच बाणाला हात लावायचा."

"समजलं, समजलं," राजा म्हणाला.

करवंदीच्या जाळीपाशी कुत्र्यांनी एक डुक्कर धरले. भुंकणे कानी पडताच राजा दोरीवर बाण चढवून धावत आला, आणि धापा टाकीतच त्याने तो सोडला. त्याच क्षणी डुक्कर वळले. बाण पवळ्या नावाच्या कुत्र्याच्या बरगड्यांतून गेला. पवळ्या हा तांबी नावाच्या कुत्रीचा मुलगा.

राजा रडला. पवळ्याला चंदनाची लाकडे दिली. राजवाड्यात काही दिवस वीणा वाजली नाही. आणि पुढच्या शिकारीत राजा पुन्हा बाण चढवून धावत आला. या वेळी कवड्या नावाच्या तरण्या कुत्र्याचा अर्धा कान गेला.

दंतिलने कानाच्या जखमेत हळद भरली आणि तो घरी गेला. मग कुत्री आपसात बोलू लागली.

"उद्या मी त्याच्या पोटरीचा लचका तोडतो," कवड्या म्हणाला. "मग बसेल वीणा वाजवत."

"आणि परवा तुझं कातडं वाळत पडेल," तांबी म्हणाली. तिची दोन पिल्ले गवतात झोपली होती. थंडी सरली की पिल्लेही टोळीबरोबर रानात जाणार होती. ती बोधिसत्त्वाकडे वळली. "आजोबा, माझा एक गेला. ही दोन मी त्याच्या बाणापुढे सोडायची नाही. तुम्ही काही करणार आहात, की नुसते उंबऱ्यात पडून राहणार?"

या राजाच्या बापाबरोबर बोधिसत्त्वाने ते रान तुडवले होते. त्याला झोप हवी होती. पुन्हा पहिल्यापासून कुणाला काही शिकवायची उमेद त्याच्यात उरली नव्हती.

"तो वाईट नाही," तरी तो म्हणाला. "त्याला अजून कळलेलं नाही. दंतिलचं बोलणं त्याच्या कानावरून जातं. तेव्हा आपल्याला जेवढं येतं तेवढ्यानंच शिकवायचं. बाण दोरीवर दिसला की सावज सोडून खाली बसायचं. बाण भात्यात गेला की उठायचं. दर वेळी. आणि कुणी गुरगुरायचं नाही."

"सावज निसटलं तर आपला मांसाचा वाटा?" कवड्याने विचारले.

"मिळणार नाही."

"म्हणजे नुसती पेज?"

"पेज."

"मग त्यानं कान कशाला नेला? मानच न्यायची होती," असे म्हणून कवड्या भिंतीकडे तोंड करून झोपला.

पुढच्या शिकारीत राजा बाण चढवून धावत आला, तेव्हा बोधिसत्त्व डुकराला सोडून चालत त्याच्याकडे गेला आणि बाणाच्या टोकासमोर बसला. मागोमाग सगळी टोळी बसली. डुक्कर थोडा वेळ बघत राहिले आणि झाडीत निघून गेले. राजा ओरडला, पाय आपटले. कुत्री बसूनच राहिली. त्यानंतरच्या शिकारीतही तसेच झाले, आणि त्याच्याही नंतरच्या. पेजेवर राहून कुत्र्यांची हाडे दिसू लागली.

सेनापती हसून म्हणाला, "महाराज, म्होरक्या कामातून गेला. उद्या पुन्हा बसला तर त्यालाच बाण घाला. बाकीची आपोआप उठतील."

राजा त्रासलेला होता. तो "बरं" म्हणाला.

संध्याकाळी पेज वाढताना दंतिलने हे बोधिसत्त्वाच्या पाठीवरून हात फिरवीत पुटपुटून सांगितले. तांबीने ते ऐकले.

"आजोबा, उद्या तुम्ही बसू नका. आम्ही बसतो."

"मी उभा राहिलो तर तो काय शिकेल?" बोधिसत्त्व म्हणाला. "कधी बसतात, कधी बसत नाहीत, एवढंच. मग इतक्या दिवसांची पेज वाया गेली."

दुसऱ्या दिवशी हिवाळा असूनही ऊन कडक होते. टेकडीच्या चढावर कुत्र्यांनी डुक्कर धरले आणि राजा बाण चढवून धावत वर आला. बोधिसत्त्व त्याच्यासमोर येऊन बसला. राजाने दोरी कानापर्यंत ओढली. बाणाचे टोक बोधिसत्त्वाच्या छातीवर होते. बोधिसत्त्व गुरगुरला नाही, त्याने शेपटीही हलवली नाही. थकव्याने अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी तो राजाकडे बघत राहिला.

राजाच्या डोळ्यांत घाम उतरला. त्याला समोरचे दिसेना. तो पुसण्यासाठी त्याने दोरी सैल केली आणि बाण भात्यात खोवला.

कुत्री उठली.

राजा थबकला. त्याने बाण पुन्हा काढून दोरीला लावला. कुत्री बसली. त्याने तो भात्यात ठेवला. कुत्री उठली. त्याने आणखी एकदा करून पाहिले, तेव्हा कवड्या बसता बसता म्हणाला, "झालं, आता हा दिवसभर हाच खेळ खेळणार."

"दंतिल, अरे, हे बघ!" राजा हसू लागला. हसता हसता त्याची नजर कवड्याच्या कानावर गेली आणि हसणे मध्येच थांबले. तो तिथेच मातीत बसला.

"त्या दिवशी हा बाण भात्यात असता तर पवळ्या राहिला असता," तो म्हणाला.

बोधिसत्त्व राजाच्या शेजारी आडवा झाला, कारण त्याचे पाय आता त्याला धरत नव्हते.

त्यानंतर राजा रानात चालत येऊ लागला. शिंग वाजे, कुत्री मागे येत, आणि राजा एकेकाचे नाव घेऊन ती मोजी. सावजाच्या पलीकडे कुणी लाकूडफाटा वेचत नाही ना, हेही बघे. तोवर डुक्कर बहुधा गेलेले असे.

"असं मोजत बसलो तर ते पळतं रे," राजा म्हणाला.

"पळू द्या की महाराज," दंतिल म्हणाला. "शेतातूनच पळतंय ना?"

रोजच्या भुंकण्याला कंटाळून डुकरे नदीपलीकडच्या रानात गेली. पीक उभे राहिले. राजवाड्यातून पेजेत तूप येऊ लागले. तूप म्हणजे मांस नव्हे, असे कवड्याचे म्हणणे शेवटपर्यंत होते.

थंडी सरली आणि तांबीची पिल्ले टोळीबरोबर गेली. बोधिसत्त्वाला आता जाणे जमत नव्हते. तो उंबऱ्याशी पडून राहिला. दिवस मावळताना टोळी परत आली. राजा स्वतः दाराशी उभा राहून मोठ्याने मोजत होता. तांबी आत गेली, कवड्या आत गेला, एक पिल्लू गेले, मग दुसरे. बोधिसत्त्वाने मोजणी शेवटपर्यंत ऐकली. मग तो उंबऱ्यावरून उठला, आत कोपऱ्यातल्या गवतावर गेला आणि झोपला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भद्रवाह नावाच्या भिक्षूला सांगितली. उतारवयात संघात आलेला नंदिसेन चीवर, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, रंगवताना रंगाचा उकळता काढा मागे न बघता उचली, आणि त्यामुळे दोघा भिक्षूंचे पाय भाजले होते. "त्याला सांगून सांगून मी दमलो," असे भद्रवाह म्हणाला होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पुष्पकेतू हाच नंदिसेन. भद्रवाहा, तांबी तू होतास. भिक्षेला निघताना रोज कोण कुरकुरतो हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा कवड्याचे नाव घेत नाही. उंबऱ्यातला म्हातारा कुत्रा मी. दमल्यावरही तेच शिकवायला पुन्हा उठणे, याला क्षांती म्हणतात."

भद्रवाह उठला आणि रंगाच्या चुलीपाशी नंदिसेनाकडे गेला.