शिंपलेबाबाची हाक

आगबोट कशी असते हे आमच्या आडखोलात कुणी पाहिलंही नव्हतं, इतकी जुनी ही गोष्ट. मध्ये बोलू नका कुणी, मला विसरायला होतं.

आपल्या खाडीच्या तोंडाशी खडप आहे ना, धुक्यात त्यावर होड्या फुटायच्या. म्हणून गावातली शेवंता खडपावर उभी राहून हाक मारायची आणि होड्या त्या हाकेच्या रोखानं घरी यायच्या. तिची हाक ऐकून खाडीपलीकडची गुरं मान वर करायची, असं म्हणतात. पुढे तिला भोवळ यायला लागली. मान तापायची, कानात घूं घूं व्हायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा हाक मारतामारताच कोसळली. बायकांनी पदर धरून ओढली म्हणून वाचली.

त्याच साली फुटलेल्या गलबताच्या फळीला धरून एक चिनी माणूस किनाऱ्याला लागला. कमरेला मेणकापडात औषधांचं गाठोडं. तो आधी शिंपला कुटून पाण्यात घालायचा आणि प्रहरभर उकळायचा. मग मुळ्या. अगदी शेवटी एका वेलीच्या आकड्या, मासे धरायच्या गळासारख्या वाकड्या. त्या पडल्या की दोन उकळ्या आणि पातेलं खाली. जास्त शिजल्या तर औषध वाया. लोक त्याला शिंपलेबाबा म्हणू लागले. काढा पिऊन शेवंता पुन्हा ताठ चालू लागली. पण ओठांवर बोट ठेवून बाबानं बजावलं होतं, ओरडायचं नाही. ओरडलीस तर रक्त डोक्यात चढेल आणि संपशील. भोवळ त्यालाही होती बरं का. तोही भिंत धरून चालायचा, त्याच पातेल्यातला अर्धा काढा प्यायचा आणि कधी मोठ्यानं बोलायचा नाही.

आकड्या संपत आल्या. एकाच माणसापुरत्या उरल्या होत्या आणि नेमकं त्याच सकाळी धुकं उतरलं. सात होड्या बाहेर, एकीवर शेवंताचा नवरा धाकू. बायकांनी घसा फोडला, पण लाटांनी सगळं गिळलं. खडपाच्या बाजूनं लाकूड घासल्याचा आवाज आला. शेवंता उठली. दाराशीच बाबा चुलीवर काढा उकळत बसला होता.

"बाबा, माझा माणूस आहे तिथं. वाट सोड."

बाबानं पातेल्यात उरलेल्या आकड्या टाकल्या. बाहेर लाकूड करकरत होतं, तरी दोन उकळ्या होईस्तोवर तो जागचा हलला नाही. मग सगळा काढा त्यानं तिच्या वाडग्यात ओतला.

"तू पी. हाक मी."

तो खडपावर चढला आणि त्याच्या भाषेत ओरडला, "हुई लाऽऽय!" त्या हाकेनं धुकं शिडासारखं उभं फाटलं, असं म्हणतात. तीन गावांत ती ऐकू गेली, असंही म्हणतात, आणि मला ते पटतं. सातवी होडी वाळूला लागेपर्यंत तो ओरडत राहिला. धाकू खाली उतरला आणि हाक थांबली.

शेवंता वर धावली. बाबा खडपाला टेकून बसला होता, डोळे उघडे, नाकातून रक्ताची धार. ती खूप रडली, पण तोंडातून आवाज काढला नाही. तसं त्यानं सांगितलं होतं.

तेव्हापासून आडखोलात धुक्यात एकट्यानं हाक मारायची नाही. सुना, म्हातारे, पोरंटोरं, सगळं गाव खडपावर जमतं आणि एकदम ओरडतं, "हुई लाय!" अर्थ कुणाला ठाऊक नाही. मला विचाराल तर त्याच्या गावी त्यालाही कुणीतरी अशीच हाक मारत असणार. ज्याला भोवळ येते त्याला मात्र खालीच बसवतात, हातात नुसत्या शिंपल्याच्या काढ्याचं वाडगं देऊन. त्याच्या वाटची हाक शेजारचा मारतो.