मुकी घळ

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या घळीत, एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. ती कोणाच्या अध्यात नसे की मध्यात नसे, आणि ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत असे. "आपण बरे, आपली घळ बरी," हे तिचे ठरलेले वाक्य. बाळांनो, असे म्हणणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती वाईट नसतात. त्यांच्यावर अजून वेळ आलेली नसते, एवढेच.

त्या जंगलात एक रीत होती. लांडगा दिसला की पाहणाऱ्याने आधी हाक द्यायची आणि मग पळायचे. झाडावरून वानर 'खोक्' करी, ते ऐकून हरिण खूर आपटी, ते ऐकून माळावरची टिटवी ओरडे, आणि पाहता पाहता बातमी जंगलभर होई. हाक पुढे देण्यात दोन क्षण जात आणि ते दोन क्षण कधीकधी जिवावर बेतत, तरी रीत मोडत नसे. साळू मात्र ती पाळत नसे. तिच्या आजीने फार पूर्वी लांडग्यांशी बोली केली होती की, तुम्ही आमच्या पिल्लांकडे वाकड्या नजरेने पाहायचे नाही आणि आम्ही तुम्हाला पाहून काटे वाजवायचे नाहीत. साळूच्या घळीतून कधी हाक येत नाही म्हणून सगळे त्या जागेला 'मुकी घळ' म्हणत. साळूला त्या नावाचा थोडा अभिमानच होता.

ओढ्यापलीकडे एक खडकाळ टेकाड होते. त्याच्या बिळांत मुंगसांची वस्ती होती आणि माथ्याजवळ बारमाही झरा होता. लांडग्यांच्या म्होरक्याचा त्या टेकाडावर कधीचा डोळा. एके दिवशी त्याने जाहीर केले, "माझ्या पणजोबांनी त्या टेकाडावर ऊन खाल्लं होतं, तेव्हा ते आमचंच आहे. शिवाय मुंगसांनी वानरांशी दोस्ती चालवली आहे. उद्या वानर तिथल्या झाडांवर येऊन बसतील आणि आमच्यावर नजर ठेवतील. हे आम्ही खपवून घेणार नाही." दुसऱ्याचे घर घ्यायचे एकदा मनात आले की कारणांना तोटा नसतो. आपल्या कळपाला तो म्हणाला, "संध्याकाळच्या आत काम फत्ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू पिल्लांसाठी कंद उकरत होती. तेवढ्यात बारा लांडगे एकामागून एक घळीत शिरले आणि टेकाडाच्या दिशेने निघाले. घळीतली वाट त्यांनी मुद्दाम निवडली होती. बाकी कुठूनही गेले असते तर जंगलभर ओरडा झाला असता. म्होरक्याने जाता जाता साळूपुढे अदबीने मान लववली. साळूला काय समजायचे ते समजले. तिचे काटे आपोआप ताठ झाले. तिने ते पुन्हा अंगाबरोबर मिटवले आणि पिल्लांना म्हणाली, "तुम्ही खा. तो त्यांचा त्यांचा प्रश्न आहे." त्या दिवशी तिच्या स्वतःच्या घशाखाली मात्र कंद उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुंगसे बेसावध सापडली. खालच्या उतारावरची बिळे पहिल्याच हल्ल्यात गेली, आणि त्या बिळांतली मुंगसेही गेली. पण म्होरक्याचा अंदाज चुकला. उरलेली मुंगसे वरच्या बिळांत शिरली आणि एका बिळातून निघून लांडग्याचे नाक, तर दुसऱ्या बिळातून निघून त्याची शेपटी चावू लागली. संध्याकाळ झाली. दुसरी झाली, आठवी झाली. टेकाड काही पडेना. झऱ्याला मात्र लांडग्यांचा वेढा होता आणि बिळांत प्यायला थेंब नव्हता.

नवव्या दिवशी भर दुपारी एक मुंगूसमावशी लपतछपत ओढ्यावर आली. तिचा एक कान फाटला होता. साळू तिला पाहून जागच्या जागी थबकली. आता ही आपल्याला चार शब्द सुनावणार, असे तिला वाटले. खरे सांगायचे तर मावशीने सुनावले असते, तर साळूला बरेच वाटले असते.

मावशी पोटभर पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "साळूबाई, पिल्लांना घेऊन वरच्या कड्याकडे जा. लांडगे आमच्या बिळाच्या तोंडाशी बसून बोलत होते. टेकाड झालं की ओढा घ्यायचा म्हणतात. तुझी घळ त्यांना राहायला हवी आहे."

"आमची बोली आहे त्यांच्याशी," साळू म्हणाली.

"आमचीही होती. लहान पिल्लांचे काटे मऊ असतात, हेही बोलत होते ते."

 साळू मान खाली घालून म्हणाली, "मावशी, त्या सकाळी मी त्यांना जाताना पाहिलं होतं."

"माहीत आहे. हाक न होता यायला घळीवाचून वाट कुठे आहे?"

"आणि तरी तू मला सांगायला आलीस?"

"पाण्याला आले होते गं. पण कानावर पडलेलं सांगायला नको का? आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून आम्हीही कोणाला सांगू नये, असं थोडंच आहे." एवढे बोलून तिने काठावरचे शेवाळ पाण्यात बुडवले, त्याचा ओला गोळा बिळातल्या तहानलेल्यांसाठी तोंडात धरला आणि ती आल्या वाटेने निघून गेली.

घळीकडे परतताना साळूला एकेक गोष्ट उमगत गेली. आपल्या गप्प बसण्यामुळे जिचे घर लुटले गेले, ती फाटक्या कानानिशी येऊन आपल्या पिल्लांचा जीव वाचवून गेली. आणि मुंगसे नऊ दिवस झुंजत राहिली, म्हणून तर लांडगे टेकाडाशी अडकून पडले होते. नाहीतर ते केव्हाच घळीत घुसले असते. इतके दिवस आपण आपल्या काट्यांच्या जोरावर सुखात आहोत असे तिला वाटत होते. ते सुख मुंगसांच्या जिवावरचे होते. तिला फार लाज वाटली आणि मुंगसांच्या उपकाराने तिचे डोळे भरून आले. पिल्लांना तिने कड्यावर पोचवले. पण स्वतः ती तिथे थांबली नाही, सरळ वानराच्या झाडाखाली गेली.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," वानर वरून म्हणाला. "इतकी वर्षं आमची हाक ऐकून आत शिरायचीस. आज इकडे कुठे?"

"हवी तेवढी चेष्टा कर, मी ती ओढवूनच घेतली आहे," साळू म्हणाली. "पण यापुढे घळीत लांडगा दिसला की मी काटे वाजवीन. तू हाक पुढे देशील ना?"

वानराचे हसू मावळले. "देईन. आम्ही तरी काय केलं, साळूबाई? नऊ दिवस फांदीवर बसून नुसते चुकचुकलो."

त्याच दुपारी त्याने हरणांना आणि टिटवीला बोलावून घेतले. सर्वांनी आपापली ठाणी नव्याने ठरवली. टिटवी माळ सोडून ओढ्याच्या वळणावर आली. हरणे टेकाडाच्या पायथ्याशी चरू लागली. अर्धी वानरे टेकाडावरच्या झाडांवर गेली आणि उरलेली थेट लांडग्यांच्या गुहेवरच्या उंबरावर जाऊन बसली. ज्यांनी जवळ येऊ नये म्हणून म्होरक्याने एवढी लढाई काढली, ते आता त्याच्या डोक्यावर बसून उंबरे खात होते.

दुसऱ्या दिवशी म्होरक्या चार लांडग्यांना घेऊन शिकारीला निघाला आणि सवयीने घळीत शिरला. वाटेत साळू उभी होती.

"साळूबाई, बाजूला हो," तो गोडीने म्हणाला. "तुझ्या आजीनं आम्हाला शब्द दिला होता."

साळूने काटे ताठ केले. "शेजाऱ्याला दिला होता," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं घर फोडणाऱ्याला नाही." आणि पाठ फिरवून तिने अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून काटे वाजवले.

तो खुळखुळाट त्या घळीने कधी ऐकला नव्हता. एक लांडगा तिच्यावर झेपावला आणि नाकात चार काटे घेऊन कळवळत मागे आला. तोवर वानराने हाक उचलली होती, हरणांनी खूर आपटले होते, टिटवी ओरडत होती. लांडगे घळीतून बाहेर पडले तेव्हा शिकार म्हणून माळावर उंदीरही नव्हता. त्या दिवशी असे झाले, दुसऱ्या दिवशी असे झाले, रोजच होऊ लागले. लांडगा पाऊल उचली आणि जंगल बोले. मुंगसांना आधीच खबर मिळे, म्हणून ती ओढ्यावर पाणी पिऊन परतत आणि हाती लागत नसत. भुकेने पोटे खपाटीला गेली, तसा कळपच म्होरक्यावर गुरगुरू लागला. दोन आठवड्यांनी लांडगे टेकाड सोडून आपल्या गुहेकडे परतले, आणि तिथे वानरांनी 'खोक्' करून त्यांचे स्वागत केले.

मग मुंगसांनी साऱ्या जंगलाला झऱ्यावर पाणी प्यायला बोलावले. साळू पिल्लांना घेऊन सर्वांत शेवटी आली आणि कडेला उभी राहिली. मावशी आपणहून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "साळूबाई, तू हाक दिलीस म्हणून आम्ही उरलो. फार उपकार झाले."

"मावशी, असं बोलू नकोस," साळू म्हणाली. "तुमचे जीव जात होते तेव्हा माझी पिल्लं माझ्यासमोर बसून कंद खात होती. ती आज जिवंत आहेत ती तुमच्यामुळे. हे मी त्यांना रोज सांगेन." आणि पिल्लांना पुढे करून ती म्हणाली, "मावशींच्या पाया पडा."

पिल्ले वाकली. मावशीने त्यांना अलगद धरून खालच्या उताराकडे वळवले. तिथली बिळे आता रिकामी होती.

"आधी त्यांच्या," ती म्हणाली.

आणि पिल्लांनी त्या रिकाम्या बिळांसमोर डोके टेकले.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या घरावरचा घाला पाहून जो गप्प बसतो, तो आक्रमकाला आपल्याच दारातून वाट करून देतो. म्हणून हाक वेळेवर द्यावी. आणि आपल्या आधी ज्यांनी घाव सोसले, त्यांच्यामुळे आपण सुखरूप आहोत, हे कधी विसरू नये.