भिंतीकडे वळलेला तवा

भांडी आपसांत बोलत असत त्या काळी कोकणात जानकीकाकूंच्या घरी एक बिडाचा तवा होता. भर पावसात काकू महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि इकडे त्याच्या अंगावर मुगाएवढा गंज उमटला.

तव्याची पाचावर धारण बसली. डाग कुणाला दिसू नये म्हणून खुंटीला टांगल्या जागीच तो भिंतीकडे वळला. भिंत ओली होती. काकू परतेपर्यंत डाग पुरीएवढा झाला.

आल्या आल्या काकूंनी पोह्यांचा पत्र्याचा डबा उचलला, तर त्याचा गंजलेला तळच खाली गळून पडला. त्यांनी तो भंगारवाल्यासाठी दारात ठेवला.

"डबेदादा, हे कधी झालं?" तव्याने विचारलं.

"डाग अंगाखाली दाबून बसलो होतो रे. त्यांना वेळेत दिसला असता, तर वाचलो असतो."

एवढ्यात भंगारवाल्याची हाळी आली. तवा उजेडाकडे वळला.

"अगं बाई, काय ही दशा करून घेतलीस मेल्या!" काकू ओरडल्या. नारळाच्या शेंडीने आणि राखेने त्यांनी त्याला सोलून काढल्यासारखं घासलं, चुलीवर तापवलं, तेलात बुडवलेला अर्धा कांदा अंगभर फिरवला. त्याच संध्याकाळी त्याच्यावरून जाळीदार घावन अलगद सुटलं.

पुढे पोह्यांसाठी नवा डबा आला. एके दिवशी तव्याने पाहिलं, तर अंगावरचा गंजाचा ठिपका लपवायला तो डबा हळूच भिंतीकडे वळत होता.

"वळ बाबा इकडे," तवा म्हणाला. "घासताना दुखतं, पण दारात ठेवत नाहीत."