बैलाची डावी बाजू

मातीचे बैल बोलायचे त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे फार जुनी नाही.

गोदाक्का बोटभर उंचीचे मातीचे बैल घडवायची. त्यातल्या सगळ्यात देखण्या बैलाच्या डाव्या कुशीवर तिचा अंगठा दाबला जाऊन खळगा पडला होता. बैलाला त्याची भारी लाज वाटे.

पोळ्याला गावातल्या प्रत्येक पोराला तसाच बैल द्यायचा, म्हणून अक्काने स्कॅनर आणि छपाईचं यंत्र आणलं. स्कॅनरने बैल सगळीकडून बघायचा आणि यंत्राने हुबेहूब तसे बैल काढायचे. तिने बैलाला फिरत्या चकतीवर ठेवलं. पण चकती फिरली की बैल गुपचूप उलटा फिरे. डावी बाजू त्याने दाखवलीच नाही.

यंत्रातून पहिला बैल आला तो डाव्या कुशीला भलंमोठं भोक घेऊनच.

"आजोबा, माझं पोट कुठंय?" त्याने विचारलं.

मातीचा बैल चपापला.

"बैलोबा, मला जे दिसलंच नाही ते मी कुठून देऊ?" स्कॅनर म्हणाला.

अक्काने पुन्हा चकती फिरवली. या वेळी बैल जागचा हलला नाही.

संध्याकाळपर्यंत टेबलावर अख्खा कळप उभा राहिला. प्रत्येकाच्या कुशीवर तोच खळगा होता. भोकवाल्याला अक्काने मातीचं ठिगळ लावून अंगठ्याने दाबलं. तो तर मिरवायलाच लागला.

पोळ्याला पोरं आली. पहिल्याच पोरीने बैल उचलला, आणि तिचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला.